सुरमईशेजारी माझं रक्त

लग्नाला काही वर्षं झाली, मूल नाही, आणि पाळी एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. प्रभादेवीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पिशवी काढून टाका. जणू दारातली जुनी चप्पलच काढायची होती! मी तिथेच रडले. मग परळच्या एका डॉक्टरीणबाईंनी अडवलं. म्हणाल्या, रक्त गोठण्यातच खोट असेल, ती आईबापाकडून येते, आधी ते तपासू. तसं निघालं तर औषधावर भागेल, पिशवीला हात लावायला नको.

रक्त काढलं आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात, पण तपासणी परळच्या लॅबमध्ये. मला चक्कर येत होती, म्हणून निळ्या टोपणाची ती नळी आईने ताब्यात घेतली. आई कोळीण, अख्खा जन्म दादरच्या बाजारात मासे विकण्यात गेला. नाशवंत माल उन्हातून न्यायचा म्हटल्यावर तिला कोण शिकवणार? तिने नळी थर्माकोलच्या खोक्यात, माझ्यासाठी आणलेल्या सुरमईशेजारी, बर्फात नीट पुरली. लॅबच्या काउंटरवर तिने खोका असा थाटात उघडला म्हणे, की आता भावच सांगेल.

काउंटरवरच्या मुलीने कपाळाला हात लावला. ही नळी थंड करायचीच नसते, गारठलेल्या रक्तात नसलेला आजारही दिसतो, पुन्हा रक्त द्या, असं तिने समजावलं. झालं, आईचा पारा चढला. बर्फाशिवाय काय ताजं राहतं, हे आता कालची पोर तिला सांगणार? माझ्या घरी येऊन तिने सुरमई तळली आणि तळता तळता लॅबवाल्यांचा उद्धार केला. सुरमई मात्र फक्कड झाली होती.

दुसऱ्यांदा मी लॅबमध्येच जाऊन रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, घरात आणखी कुणाला जास्त रक्त जायचं का? आई ठामपणे नाही म्हणाली. मग बोलता बोलता निघालं, की कोलंबी सोलताना बोट कापलं तर तिचं रक्त दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. मावशी बाळंतपणात रक्त जाऊनच गेली. आणि दर महिन्याला आई आडवी झाली, की तिची सासू तिला नाटकी म्हणून उठवायची आणि डोक्यावर पाटी द्यायची.

"त्यात काय सांगायचं?" आई म्हणाली. "आमच्यात सगळ्या बायकांचं असंच असतं."

बाईंनी लगेच तिचंही रक्त तपासायला पाठवलं.

दोघींचे रिपोर्ट सारखेच आले. खोट होती, आईकडूनच आलेली, आणि तिच्यावर औषध होतं. माझी पिशवी वाचली. मला तिथेच नाचावंसं वाटलं. आई मात्र कागद धरून बसून राहिली. लेकीला आजार दिला हे तिने मनाला लावून घेतलं असं वाटून मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे मी नाटकं करत नव्हते," ती म्हणाली. "आणि हे ऐकायला म्हातारी राहिली नाही."