तळ्याच्या दोन फेऱ्या

एका भल्या बाईला मी चार महिने रोज सकाळी सहा वाजता खोटं सांगितलं, तेही पांघरुणातून फक्त अंगठा बाहेर काढून. आज चाळिशी उलटली, तरी त्या अंगठ्याकडे बघायची मला लाज वाटते.

ती ऑस्ट्रेलियात आमच्या मॉसन लेक्सच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, कॅन्टीनला होती. मूळची चिलीची. सगळे तिला तिया म्हणत. तिच्या स्पॅनिशमध्ये तिया म्हणजे मावशी. त्या वर्षांत भारतातून विद्यार्थ्यांची रीघ लागली होती आणि उपाशी दिसणारा कोणीही तिच्या काउंटरवरून जास्तीचा भात घेतल्याशिवाय सुटत नसे.

तियाच्या चर्चमधल्या बऱ्याच जणांना मधुमेह. तिलाही. म्हणून ती रोज सकाळी एकेकाला एसएमएस पाठवी, 'आज चाललात का?' एका बोटाने, प्रत्येकाचं नाव घालून. मी पडलो आयटीचा. सगळ्यांना एकदम मेसेज कसा पाठवायचा ते शिकवायला गेलो. "वाढताना एकच ताट सगळ्यांत फिरवतोस का रे?" म्हणाली. वर, तिच्याच भाताने सुटलेलं माझं पोट बघून माझाही नंबर यादीत घातला.

पहिल्या दिवशी मी 'येस' लिहिलं आणि कूस बदलली. पुढे चेव चढला, 'तळ्याला दोन फेऱ्या' असंही लिहू लागलो. रूममेट सम्या शेजारच्या गादीवरून विचारी, "काय रे, पाय दाबून देऊ का?"

एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर तिने मला उभं केलं. "हा आपल्या चर्चचा नाही, तरी रोज चालतो. आणि तुम्ही?" टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली आणि तिसरी एम्पनाडा उचलली. एम्पनाडा म्हणजे खिमा भरलेली दांडगी करंजी.

मग एका सोमवारी मेसेज आला नाही. कॅन्टीनमध्येही ती नव्हती. दुपारी तिच्या घरी गेलो, तर तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये.

"तळ्यावर घसरले," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, चालली नाहीस तर इन्सुलिन घ्यावं लागेल. एकटीला भीती वाटते, म्हणून म्हटलं तुझ्याबरोबर चालावं. आठवडाभर तिथे शोधलं तुला. तू उलट्या बाजूने फिरत असशील."

तिला वेगळीच काळजी. "यादीतली माणसं वाट बघत असतील रे."

"मी लिहितो," एवढंच म्हणालो. ती एकेक नाव सांगत गेली, मी तिच्या फोनवर टाइप करत गेलो. शेवटी म्हणाली, "आता तुझा. 'आज चाललास का, पोरा?'"

मी पाठवला. माझ्या खिशातला फोन थरथरला. तो काढून तिच्यासमोरच उत्तर लिहिलं. तिचा फोन माझ्या हातात वाजला. मी तो तिच्या डोळ्यांपुढे धरला.

'नाही. एकदाही नाही. माफ कर, तिया. उद्या सहाला तुझ्या दाराशी येतो.'