सोनकिड्याचा फोटो

साठ-एकसष्टची गोष्ट. घाटंजीच्या बाजूला एका तांड्यावर मी मास्तर होतो. जवळ पेटी कॅमेरा होता आणि अंगात भलता माज.

जिच्या घरी जेवायचो तिला सगळा तांडा याडी म्हणे, म्हणजे आई. मीही म्हणे. त्या पावसाळ्यात तिने बांधावरच्या बाभळीवरून एक सोनकिडा आणून काडेपेटीत ठेवला. हिरवानिळा, कडेला तांबूस, नजर ठरत नव्हती. लेक माहेरी आली होती. दोन बाळंतपणं वाया गेलेली, आता पुन्हा दिवस होते. किड्याच्या पंखाची टिकली लावून तिला सासरी धाडायची होती. पण किडा आपल्या मौतीने मरायला हवा. मारलेल्याचा पंख पोटुशीला भोवतो, असं त्या घरात मानत. म्हणून याडी रोज कोवळा पाला घालून वाट पाही.

मी तो एका दुपारपुरता मागून घेऊन जंगलात गेलो. बेटा क्षणभर थांबेल तर शपथ! रोलमध्ये एकच फोटो उरलेला. मी चिडलो. तंबाखूच्या पाण्यात त्याला दाबून धरला. बराच वेळ पाय झाडत होता. मला मजा वाटत होती, लपवण्यात अर्थ नाही. मग मानेतून बाभळीचा काटा घालून त्याला सागाच्या पानावर टाचला, शाळेतलं भिंग कॅमेऱ्यापुढे बांधलं आणि फोटो काढला.

काटा काढून किडा परत दिला, तेव्हा याडीने विचारलं, “आपल्या मौतीनं मेला ना, मास्तर? खरं सांगा, पोरीचा सवाल हाय.”

हो म्हटलं. जीभ अडखळली नाही. तिने किड्याला हात जोडले, टिकली कातरली. लेक ती लावून गाडीत बसली.

पोळ्यानंतर फोटो यवतमाळहून धुऊन आला. रंगांच्या नादात रोल काळा-पांढरा आहे याचाच मला विसर पडला होता. चिंचोक्यासारखा एक काळा ठिपका, आणि स्पष्ट आला होता तो फक्त काटा. मी वैतागून फोटो बाजेवर फेकला. याडीने उचलून उजेडात धरला.

“मेलेल्याच्या मानेत काटा कायले, मास्तर?”

माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, “मीच मारला. किडाच होता, याडी.”

तिने माझं ताट वाढून ठेवलं, डोक्यावर पोतं घेतलं आणि लेकीच्या कपाळावरची टिकली काढायला निघाली. सात कोस, भर पावसात. माझी सायकल दारातच होती. मी आधी जेवून घेतलं, आणि मग पाऊस आहे म्हणून गेलोच नाही.