भरीव की पोकळ

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिताना चुकलो तर चुकलो, कोणाकडून दुरुस्त करून घेणार नाही.

फौजेत मी तोफखान्यात हवालदार होतो. लढाईत तोफेजवळ उभा राहून राहून डावा कान गेला. सुटून आलो आणि हैदराबादेत, गौलीगुड्यात लाकडाची वखार टाकली. एका कानाने काय धंदा करणार, असं भाऊबंद म्हणाले. त्याच कानाने केला.

सागवानाचा ओंडका बाहेरून कितीही देखणा असो, आत पोकळ निघू शकतो. म्हणून कापायला आरा मशीनवर चढवायच्या आधी ठोकून ऐकायचा. मुकादम हातोडीने या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत जायचा, मी उजवा कान लावून बाजूला उभा. भरीव असला की मी खडूने फुली मारायचो. माझी फुली बघितली की गिऱ्हाईक पुढे काही विचारायचं नाही. सुलतान बाजारापासून चिक्कडपल्लीपर्यंत किती दारं माझ्या कानावर उभी आहेत!

आता खरं सांगतो. दोन-तीन वर्षं झाली, उजव्या कानालाही तो बारीक फरक कळेनासा झाला होता. माणसाचं बोलणं कळायचं, लाकडाचं नाही. पण ओंडका पोकळ लागला की मुकादमाची मिशी एका बाजूला सरकायची. मी डोळे अर्धवट मिटून मिशी बघायचो. हे मुकादमालाही माहीत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मुकादम मुलीच्या लग्नाला वरंगलला गेला आणि नेमके चिक्कडपल्लीचे वकीलसाहेब आले. त्यांना नव्या घराच्या दाराला चौकट पाहिजे होती. हातोडी माझ्या सुनेने घेतली. वखारीचा सगळा कारभार आता तीच बघते. फक्त ओंडका पास करायचं काम मी सोडलं नव्हतं.

ती ठोकत गेली. तोंड असं, जसा पहाऱ्यावरचा शिपाई. काही कळेना.

"पुन्हा ठोक."

तिने तीनदा ठोकलं. मग म्हणाली, "मामा, मधे पोकळ लागतंय."

गिऱ्हाइकासमोर! मी म्हणालो, "वखार तुझी की माझी? चढवा मशीनवर."

मशीनवरचा मिस्त्री बिचकला. "फौजी साब, भाबी तो नक्को बोलरे."

"मैं बोलरा हूँ ना!"

करवत मध्यापर्यंत गेली आणि आतून काळा भुगा भसाभसा पडला, त्यामागून मुंग्यांचं अख्खं वारूळ. सगळं वकीलसाहेबांच्या चपलांवर.

"हवालदार," ते पाय झटकत म्हणाले, "मी चौकट मागितली होती, पन्हाळ नाही."

लाकूडच लबाड निघालं, असं तोंडावर आलं होतं. पण सून बघत होती. आज खोटं बोललो तर उद्या पुन्हा असाच ओंडका कोणाच्या तरी दारात जाणार.

"दोन वर्षं मला लाकूड ऐकू येत नाही साहेब," मी म्हणालो. "मुकादमाची मिशी बघून फुली मारतो."

आधी मिस्त्री हसला. मग वकीलसाहेबांनी हसता हसता चष्मा काढला. "म्हणजे माझ्या भावाच्या खिडक्या मिशीवर उभ्या आहेत?"

"मिशी एकदम पक्की आहे साहेब. आजवर एक तक्रार नाही."

सून हसली नाही. तिने हातोडी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या ओंडक्याला कान लावला. "तुम्ही ठोका मामा, मी ऐकते."

मी ठोकलं.

"अहो, हळू! कान माझाय!"

चार ठिकाणी ऐकून ती म्हणाली, "भरीव आहे."

वकीलसाहेब सवयीने माझ्याकडे वळले. "हवालदार, तुमचं काय म्हणणं?"

असं कधी माझ्या तोंडून निघालं नव्हतं, पण निघालं. "तिला विचारा. यापुढे तीच सांगेल."

ते तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "न्या साहेब. पण बसवायच्या आधी खालच्या टोकांना डांबर लावा, नाहीतर वाळवी धरेल."

हे तिला मीच शिकवलं असणार. आठवत नाही, पण दुसरं कोण शिकवणार?