तारामतीचं पान

माझ्या पुतण्याची सून शहरात राहते. गावी आली की चित्रांचे परदेशी पत्ते मांडून ती भविष्य सांगते. त्याला टॅरो म्हणतात. एकदा माझ्यापुढं पत्ते पसरून ती म्हणाली, "आजोबा, एक उचला." मी उठून ओसरीवर गेलो. म्हाताऱ्याला असलं आवडत नसेल, असं तिला वाटलं असणार. तसं नव्हतं. असं एक पान मी पूर्वी पाहिलेलं आहे.

हैदराबाद संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती. मी परंड्यात गुरांचा व्यापार करायचो. आमच्याकडं अशा माणसाला हेडी म्हणतात. बापानं माझ्यासाठी काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्यांचे बैल दोरीला धरून मी बाजारोबाजार पायी हिंडलो, धंदा शिकलो आणि तिशीच्या आत माझ्या दावणीला माझी जनावरं बांधली. या धंद्यात किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वरून खांद्यावरची दस्ती, म्हणजे रुमाल, टाकतात आणि तिच्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. भोवती कितीही गर्दी असो, कुणाला आकडा कळत नाही. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हा पहिला धडा. तो मी चांगलाच शिकलो होतो.

आमचा मुलगा तिसऱ्या वर्षी तापानं गेला. एवढं लहान पोर पुरतात. मीच त्याला हातांवर नेलं, मीच माती लोटली. घरी आलो तर बायका माझ्या बायकोला पोटाशी धरून रडत होत्या. माझ्याजवळ दोघं-तिघं आले आणि म्हणाले, "वय हाय अजून. दुसरं हुईल. बाजार बुडवू नका." पोरगं माझंही होतं, हे गावात एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी बाजार बुडवला नाही. पुढं तिचे वडील येऊन तिला जळकोटला घेऊन गेले. महिने गेले, ती परत येईना.

निरोप धाडून थकलो, तेव्हा स्वतः गेलो. सासरा भला माणूस, आमच्याच धंद्यातला.

"पावनं, लेकीला म्या ढकलून देणार न्हाय," तो म्हणाला. "तिचं मनच व्हईना. सडकंवरच्या पोपटवाल्यावर तिचा लई इस्वास हाय. दुपारी पान काढू. चांगलं निघालं तर आजच तुमच्या संगं लावून देतो."

माझं डोकं फिरलं. माझी बायको माझ्या घरी येणार की नाही, हे एक पाखरू ठरवणार! पण सासऱ्यापुढं आवाज चढवला नाही. बाजारात उतरण्याआधीच निम्मा सौदा करून ठेवायची माझी सवय होती. मी तडक सडकेवर गेलो. पोपटवाला जोशी कडुनिंबाखाली पिंजरा मांडत होता.

"जोशीबुवा, तुमचं पाखरू कुणाचं ऐकतं?"

"देवाचं, मालक."

"आन देव कुणाचं ऐकतो?"

तो हसला. "गिऱ्हाईक बघून ऐकतो."

मी हात पुढं केला, त्यानं धरला आणि मी सवयीनं वर दस्ती टाकली. हा गडीही पक्का निघाला, लवकर वळेना. समोर हॉटेलात चार माणसं चहा पीत होती, बायका घागरी घेऊन ये-जा करत होत्या. सौदा चालू असताना मी इकडंतिकडं बघत नाही. तेव्हाही बघितलं नाही.

दुपारी आम्ही तिघं त्याच्यापुढं बसलो. पोपट डुलत बाहेर आला आणि चोचीनं एक पान ओढलं. वनवास संपवून अयोध्येला परतणारे राम-सीता.

"बाई, वनवास सरला!" जोश्यानं सूर लावला. "घर वाट बघतंय तुमची!"

सासऱ्यानं हात जोडले. बायकोनं पानाकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "केवढ्याला पडलं?"

"काय?"

"ह्ये पान. पाण्याला चालले हुते म्या सकाळी. दस्ती दिसली. हेड्याची लेक हाय म्या, मला कळत न्हाय व्हय?"

सासरा जमिनीकडं बघू लागला. तिनं पानांचा गठ्ठा उचलला, सगळी पानं उताणी केली आणि एकेक बघू लागली. मारुती, शनी, बुडणारी होडी. एका पानावर ती थांबली. काशीच्या बाजारात विकायला उभी केलेली तारामती. भोवती बोली लावणारी माणसं.

माझा तोल गेला. "म्हंजी म्या तुला इकली व्हय? बाजार मांडला तुजा?"

हॉटेलातली माणसं वळून बघू लागली.

"वरडू नका," ती म्हणाली. "बाजार कोन बगतंय? ह्येला बगा." तिचं बोट रोहिदासावर होतं. पोरानं आईचा पदर मुठीत गच्च धरला होता. "आपला बी आसाच धरायचा. सोडायचाच न्हाय."

मुलगा गेल्यापासून ती त्याच्याविषयी माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. जोशी घाईघाईनं म्हणाला, "बाई, ह्ये बी शुभच पान हाय. शेवटी रोहिदास उठतो की!"

"त्येंचा उठला," ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघालं, "आन बाप? बाप कुठं हाय ह्यात?"

तिनं पान डोळ्यांजवळ नेलं. एका कोपऱ्यात हरिश्चंद्र होता, खांबाला हात टेकून, बाजाराकडं पाठ करून. चितारणाऱ्यानं त्याचा चेहरा काढलाच नव्हता.

"हाय की. पाठ करून उभा हाय."

"पाठ का म्हून?"

"तोंड दाखवंना. रडत असंल."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठेल, घरात जाऊन गाठोडं बांधेल. मी सासऱ्याला गाडीची वेळसुद्धा विचारली.

"तुमी जावा," ती म्हणाली. "त्या घरात माज्यानं पाय ठिववत न्हाय."

ती आली नाही. जळकोटलाच राहिली, तिथंच गेली. मी दुसरं लग्न केलं नाही.

पानांत भविष्य असतं, असं मला वाटत नाही. माणूस आपलं दुःख घेऊन बसतो आणि समोरच्या चित्रात त्याला तेच दिसतं. परंड्यातल्या लोकांवर मी पुष्कळ वर्षं डूख धरला होता, तो कधीच निवळला. त्यांना बिचाऱ्यांना कळलं नव्हतं. हिला कळलं होतं. रंगवलेल्या पाठीवरून तिनं बापाचं रडं ओळखलं, माझ्याकडं डोळे भरून बघितलं, आणि तरी मला एकट्याला गाडीत बसू दिलं. हे मी अजून तिला माफ केलेलं नाही.