टाकीतला आवाज

आईचं डायलिसिस वाशीमला, आठवड्यातून दोनदा. बसमध्ये तिला दम लागायचा, म्हणून मंगरूळपीरहून आम्ही बाबांच्या जुन्या गाडीने जायचो. दिवाळीनंतर ती गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. निघताना ठीक असायची, अर्ध्या तासाने धक्के खायची आणि थांबायची. पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की पुन्हा सुरू.

एकदा तिच्यामुळे आम्हाला तासभर उशीर झाला. आईच्या मशीनवर दुसरा पेशंट घेतला होता. आम्हाला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तोवर आई भिंतीला उशी लावून बसून राहिली. आडवं झालं की तिचा श्वास अडकायचा.

गावातल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, शेवटी इंजिनाचा पेट्रोल पंपही बदलला. गाडी तरी बंद पडायचीच. बाबा चारचौघांत त्यांना म्हणाले, "तुमी मले जुना माल लावून देल्ला." चाचांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी मी सोबत येतो.

मी जवळच उभी होते. मला एक गोष्ट माहीत होती. वाशीमला पेट्रोल भरताना टाकीचं झाकण मी उघडायचे, तेव्हा आत हवा ओढल्यासारखा आवाज यायचा. पण गॅरेजमधल्या बोलण्यात मी कधी पडत नाही. शाळेपासून इंग्रजीत शिकलेली मुलगी गाडीचं काय सांगणार, असं कुणी म्हणण्याआधीच मी ते मनात म्हणून घेते.

पुढच्या खेपेला चाचा पुढे, बाबांच्या शेजारी बसले. वाशीमच्या अलीकडे गाडी थांबली. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. मागे येऊन टाकीचं झाकण फिरवलं. तोच आवाज. झाकणासोबत दुमडलेलं प्लास्टिक बाहेर आलं. ते म्हणाले, याच्यानं झाकणाच्या भोकातली हवा बंद झाली, टाकीत हवा गेली नाही तर पेट्रोल पुढे येणार कसं?

"हे कोनं लावलं?"

ते मी लावलं होतं. सोयाबीनच्या मळणीत अंगणात धूळ उडत होती, झाकण सैल झालं होतं. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीपासून फवारणीच्या डब्यापर्यंत प्रत्येक झाकणाखाली प्लास्टिक असतं. बाबांनी तेव्हा शाबासकीही दिली होती. आता ते रस्त्याकडे बघत होते.

"मीच लावलं असंन," मागच्या सीटवरून आई म्हणाली.

गाडी लगेच सुरू झाली आणि आम्ही वेळेत पोचलो.

आईला सुया टोचल्यावर मी तिच्याजवळ गेले. विचारलं, तू तुझ्यावर का घेतलंस?

"चाचाले बोल लागत होता," ती म्हणाली. "अन् तुयं तोंड पाह्यलं मी."

मग म्हणाली, "तो आवाज मले बी येत जाय. मले वाटे, गड्या-मानसायले समजत असंन."

बाहेर चहाच्या टपरीवर बाबा आणि चाचा एका बाकावर, मध्ये जागा सोडून बसले होते. मी दोघांना सांगितलं की प्लास्टिक माझं होतं, आणि आवाज मी दिवाळीपासून ऐकत होते.

चाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "बेटा, तवाच सांगतलं असतं, त आईचा तो नंबर नसता गेला."

ते रागाने म्हणाले नाहीत.