देवाचा खांदा

आज नवऱ्याच्या हाताला कोयता लागला, म्हणून तेलात हळद गरम केली. त्या वासासरशी मी महाडच्या या स्वयंपाकघरातून पोलादपूरच्या वरच्या वाडीत, माहेरच्या गोठ्यात जाऊन पोचले.

लग्नाआधीच्या एका पावसाळ्यात दरड आली, ती आमच्या डोंगरावरच्या देवाने खांद्यावर अडवली. वाडी वाचली. तो मात्र माणसासारखा रक्तबंबाळ होऊन आमच्या गोठ्यात येऊन पडला. भात कापणीला येईपर्यंत मीच त्याचा खांदा बांधला, त्याला पेज भरवली. त्यातच आमचा जीव एकमेकांवर जडला.

एका दुपारी त्याने माझा हात धरला.

"आता हळद लावू नको गो. जखम भरली की मी परत दगड व्हईन."

"आन् नाय लावली तर?"

"तर तुझ्याजवळच ऱ्हाईन. ह्ये दुखणं घेऊन."

त्याचं कण्हणं मी रोज ऐकत होते. मी हळद लावली. त्याने धरलेला हात सोडला नाही. माझ्या हातातली त्याची बोटं हळूहळू गार झाली, मग खरखरीत.

तेव्हा ती माया वाटली होती. आता ते काय होतं, सांगता येत नाही.

मी हात सोडवून घेतला आणि गुरांना पाणी पाजलं. वाटलं, रडू मागाहून येईल. लग्न झालं, मुलं मोठी झाली. ते अजून आलेलं नाही.