भाताच्या झाकणावरचा कंडेन्सर

स्टोव्हवर भाताचं पातेलं चढलं की आमच्या समोरच्या खोलीतले भावोजी त्याच्या झाकणावर फडक्याची एक पुरचुंडी ठेवायचे. पुरचुंडीत कंडेन्सर. रेडिओच्या पोटात असतात ते, बोटाच्या पेराएवढे, मेणकागदात गुंडाळलेले. उबेने त्यांतली ओल जावी म्हणून. भात झाला की पुरचुंडी सोडून ते एकेकाला मीटर लावायचे. काटा एकदा उडाला पाहिजे आणि परत शून्यावर येऊन झोपला पाहिजे. तो जरा जरी वर राहिला की भावोजी मान हलवायचे.

"चालेल. पण टिकायचा नाही."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. भाजीवाल्याकडची वांगीसुद्धा हे उजेडात धरून बघायचे. गिरणीत वायरमन होते आणि पाळी सुटली की लालबागमधल्या आमच्या चाळीचे रेडिओ दुरुस्त करायचे. मी परळच्या शाळेत शिकवायची, म्हणून त्यांच्यासाठी 'बाई'. त्यांची बायको माझी मैत्रीण. वयाने मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. तिच्या भाताला मेणाचा वास येतो, अशी तिची कायमची तक्रार होती. मला कधी आला नाही, पण नवऱ्याला बोल लावायला तिला तेवढं पुरायचं.

मुंबईसाठी सगळी चाळ रस्त्यावर उतरली होती ती वर्षं. बायकांच्या मोर्चात अक्का सर्वांत पुढे. एकदा घोषणा देऊन तिचा घसा बसला, आम्ही तिला हळद-दूध पाजलं आणि थट्टाही केली. तो घसा परत उघडलाच नाही. मग खोकला आला, आणि एके दिवशी पदराला रक्त लागलं. काही महिने दवाखान्यात काढल्यावर तिला घरी पाठवलं. घरी का पाठवलं ते भावोजींना सांगितलं होतं. आम्हाला न सांगताच कळलं.

खिडकीशी तिची खाट टाकली. मैदानात सभा असली की भोंग्याचा आवाज तिथवर यायचा आणि अक्का कोपरावर उठून ऐकायची. भावोजींना तो भोंगा सहन होत नसे. "हा काय माणसाचा आवाज आहे? डब्याचा आवाज!" असं म्हणायचे. अक्काला सकाळची भजनं आवडायची. देवळात जाणं आता बंद. तेव्हा तिच्यासाठी आपण स्वतः रेडिओचा सेट बांधायचा, मोठा स्पीकर घालून, म्हणजे गाणारा समोर बसलाय असं वाटलं पाहिजे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

सेट बांधून झाला. एक कंडेन्सर तेवढा राहिला. सेटच्या आत काचेचे व्हॉल्व्ह असतात; एका व्हॉल्व्हमधला आवाज पुढच्या व्हॉल्व्हला पोचवायचा आणि मागचा करंट मात्र अडवायचा, हे त्याचं काम. मेणकागदाचा स्वस्त मिळायचा, पण आमच्याकडच्या दमट हवेत त्यातून करंट गळायला लागतो म्हणे. अभ्रकाचा उत्तम, पण तो आमच्यासारख्यांनी दुकानाच्या काचेतून बघायचा. तिसरा, लष्कराच्या मोडीत काढलेल्या सेटमधला, पत्र्याच्या डबीत तेल भरलेला. स्वस्त आणि दणकट. फक्त चोरबाजारात तो नशिबाने हाती लागायचा. लोकांच्या रेडिओंना भावोजी मेणकागदाचा बेलाशक लावत. अक्कासाठी मात्र तेलाचाच हवा होता.

सुट्टीच्या दिवशी ते जात आणि हात हलवत परत येत. मग हरताळ, मग गोळीबार, मग कर्फ्यू. तरी एकदा निघालेच, तर खांद्यावर लाठी खाऊन आले.

मी भडकले. "भावोजी, अहो, आत्ता तो कागदाचा लावा! तेलाचा मिळाला की बदला."

"बाई, गळका कंडेन्सर लावला की पुढचा व्हॉल्व्ह तापतो. आवाज घोगरा होतो. तिला घोगरं ऐकवू?"

खाटेवरून अक्का म्हणाली, "लावा मा खंयचोय. माका काय शंभर वर्सां ऐकूचा आसा?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कितीतरी वेळ ते एकच तार घासत बसले. मला तेव्हा त्यांचा संताप आला होता. आता वाटतं, टिकणारा कंडेन्सर लावला तर तिलाही टिकावं लागेल, असा काहीतरी वेडा हिशेब त्यांच्या मनात होता.

कर्फ्यू होता त्याच आठवड्यात, दुपारी, अक्का गेली. कोपऱ्यात सेट तसाच, दोन तारा वर करून. खांद्यापुरती चार माणसं नेण्याची परवानगी मिळाली. भजनी मंडळ नाही, टाळ नाही. गिरणगावातली बाई अशी मुकाट गेलेली मी दुसरी पाहिली नाही.

तेरावं झालं आणि भावोजींनी पुरचुंडी सोडली. नापास केलेल्यांतला एक उचलून दोन तारांमध्ये कथिलाचा डाग मारून बसवला. सकाळची वेळ होती. सेट लागला आणि भजन असं स्वच्छ आलं की गॅलरीत बाया जागच्या जागी थांबल्या. घोगरेपणा औषधालाही नव्हता.

"वाजतोय," भावोजी म्हणाले, आणि रिकाम्या खाटेच्या कडेवर बसले.

त्यानंतर ते रोज सकाळी सेट लावायचे, पण भजन ऐकत नसत. मागून हात घालून व्हॉल्व्ह फार तापलाय का ते बघायचे. "आज ना उद्या जाणार हा," असं म्हणायचे. तो जावा, निदान आपलं म्हणणं तरी खरं ठरावं, याची ते वाट बघत होते. कंडेन्सर काही जाईना. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला, त्या दिवशी चाळीने पेढे खात त्याच सेटवर बातम्या ऐकल्या. भावोजींचा हात सेटच्या मागेच होता.

पुढे गिरणी सुटली आणि ते कोकणात गावी गेले. सेट माझ्याकडे ठेवला. "गेला की कार्ड टाका, बाई. जाणारच तो."

दोन पावसाळे मी वाट पाहिली. सेट खणखणीत. मग एके दिवशी कार्ड आणलं आणि लिहिलं, 'कंडेन्सर गेला. आवाज पार घोगरा झाला. तुम्ही म्हणत होता तसंच झालं.' खोटं लिहिलं, आणि परत वेळ आली तर परत लिहीन.

त्यांचं उत्तर आलं. पोस्टमन आला तेव्हा सेटवर भजन लागलं होतं. कार्डावर दोनच ओळी. 'मी म्हटलं नव्हतं? तिला तसलं ऐकवलं नाही, तेच बरं झालं.'

मी उठले आणि सेटचा आवाज बारीक केला.